घसा दिसत नाही

रात्री साडेआठला, लोकमान्य नगरातल्या मागच्या खोलीत,
मी भिंतीकडे पाठ करून बसते.
मागे एक पांढरी चादर ताणून बांधलेली,
चादरीआड दोरीवरचे ओले कपडे.
पडद्यावर मात्र मी दवाखाना असते.

"आ करा."
सांवेरचा माणूस आ करतो.
बायको दुसऱ्या मोबाईलचा टॉर्च धरते,
उजेड दातांवर आपटून माघारी येतो
आणि मला दिसतो एक तांबूस अंधार,
चौकोन चौकोन झालेला.
घसा दिसत नाही.
पांढरे ठिपके आहेत की नाहीत,
जबड्याखाली गाठ लागते का,
बोटं माझी इथे, मान त्याची तिथे,
मध्ये तीसेक किलोमीटर गव्हाची शेतं.

"खोकला आहे?"
"है ना, बहुत है. नाक भी बह रही है.
मॅडम, वो तीन दिन वाली लिख दो,
पिछली बार उसी से बैठा था."

बसला होता, खरं आहे.
तसाही बसणारच होता चौथ्या दिवशी,
पण हे कोणत्या तोंडानं सांगू?
मागच्या वेळची चिठ्ठी माझीच.

कोपऱ्यात घड्याळ उलटं चालतं. सहा मिनिटं. पाच.
नाही म्हणायला नऊ लागतात,
हो म्हणायला एक टिचकी,
आणि टिचकीपाठोपाठ पाच तारे.

मार्चमध्ये कंपनीकडून पत्र आलं.
पत्र कसलं, तीन ओळी.
सर्दी-खोकल्याच्या शंभर पेशंटांमागे
तुमची अँटिबायोटिक्स चौसष्ट.
तुमच्यासारख्या इतरांची बावीस.
ना रागावणं, ना उपदेश.
मी ते बंद केलं, कुकर लावला,
तिसऱ्या शिट्टीला पुन्हा उघडलं.
चौसष्टच.

अण्णा सराफ्यात काट्यावर बसायचे.
गिऱ्हाईक गेलं तर जाऊ दे म्हणायचे,
गुंजेचा फरक जाऊ द्यायचे नाहीत.
रोज सकाळी रिकामी पारडी आधी तोलायचे.
मी माझी शेवटची कधी तोलली होती?

त्याच आठवड्यात वरच्या मजल्यावरच्या नलूताई खांबेटे
लघवीचा रिपोर्ट घेऊन खाली आल्या.
बारा औषधांची नावं,
दहांपुढे "आर", "आर", "आर".
दाद देत नाही, असा त्याचा अर्थ.
"हे आर म्हणजे काय गं?"
दोन वर्षांत सहा वेळा
त्यांनी जिन्यावरून फोन केला होता,
सहाही वेळा मी फोनवरच गोळी सांगितली होती.
चौदा पायऱ्या.
माझ्यामुळेच झालं असं कुणी म्हणणार नाही.
झालं नाही असंही मला म्हणता येत नाही.

आता मी विचारते जास्त, लिहिते कमी.
"गुळण्या करा, तापाची गोळी घ्या, शुक्रवारपर्यंत थांबा.
पाणी गिळवेना, धाप लागली,
तर शुक्रवारची वाट बघू नका, लगेच दवाखाना गाठा.
नाहीतर शुक्रवारी मला दाखवा.
मी आहे."
हे "मी आहे" म्हणायला शिकायला
एकवीस वर्षं प्रॅक्टिस करावी लागली.

कधी कॅमेऱ्याला पुरेसं दिसतंही.
परवा देवासची एक आई म्हणाली, नुसती सर्दी आहे.
मी म्हटलं, सदरा वर करा, पोराला हलवू नका,
आणि मिनिटभर दोघी गप्प.
बावन्न श्वास. बरगड्यांखाली खड्डा पडत होता.
तिला गोळी नाही सांगितली,
गाडी काढा म्हटलं, आत्ता.
त्या कॉलला तारे आलेच नाहीत. कुणाला सुचणार?

सांवेरवाल्यानं एक तारा दिला.
खाली लिहिलं, डॉक्टर ने कुछ दिया नहीं.
या महिन्यात माझे एकेचाळीस.
बावीस अजून लांब आहे,
आणि बावीस तरी बरोबर आहे का, कोण जाणे.

शुक्रवारी मी साडेदहापर्यंत बसले,
नेहमीपेक्षा अर्धा तास जास्त.
त्याचा फोन आला नाही.
म्हणजे घसा बसला असेल.
किंवा तो चौकातल्या मेडिकलवर गेला असेल,
जिथे कुणी आ करायला सांगत नाही.